दोन रात्री थांबायचं

नंदू, तुझी बर्फावरची गाडी शेडमध्ये नीट आहे. आंद्रेआसनं तिचा मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलाय, पट्टा जमिनीला गोठून चिकटू नये म्हणून, तू ठेवायचास तसाच. हे आधी सांगतोय, कारण फोन केला की तू स्वतःच्या आधी गाडीची खुशाली सांगायचास. ती पद्धत मोडायचं मला काही कारण दिसत नाही.

तू जाऊन तीन आठवडे झाले. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. गेलेल्या माणसाबद्दल बोलतातच, पण तुझ्या बाबतीत त्यांना फारसं खोटं बोलावं लागत नाही. तू तसा बरा माणूस होतास. हट्टी होतास, जेवायला सगळ्यांना खोळंबून ठेवायचास, माझी दोन पुस्तकं कधी परत दिली नाहीस. पण बरा होतास. मला मात्र तुझे गुण गायला हे लिहायचं नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी तुझी गाडी ओढ्यात गेली. त्याची जी हकिकत मी म्युनिकभर सांगत आलो, ती खोटी आहे. तुला ते माहीत होतं. मी तुझ्यापाशी कधी कबूल केलं नाही, आणि तूही विषय काढला नाहीस.

आपण एकाच विमानानं इथे शिकायला आलो आणि दोन वर्षं एकाच खोलीत राहिलो. कुकर तुझा, मसाले माझे, भांडी कुणाचीच नाहीत. पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये चिकटलो तो चिकटलोच. तू पंधरा वर्षं म्युनिकमध्ये मोटारींच्या ब्रेकवर काम केलंस आणि चाळिशी उलटल्यावर राजीनामा देऊन आल्गॉयच्या डोंगराखालच्या एका गावात आंद्रेआसच्या वर्कशॉपमध्ये रुजू झालास. तिथे शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, स्की-लिफ्टवाल्यांची बर्फ दाबायची यंत्रं आणि डोंगरावर सामान नेणाऱ्या स्नोमोबाइल दुरुस्त होतात. मी म्हणालो, "सांगलीत गॅरेज काढलं असतंस तर एवढं शिकावं तरी लागलं नसतं." तू म्हणालास, "सांगलीत बर्फ पडत नाही."

हौस म्हणून स्नोमोबाइल फिरवायला इथे मनाई आहे. परवाना लागतो आणि तो कामापुरताच मिळतो. तुझं काम होतं रोझीचं. झाडं संपतात तिथे वर तिची ह्युटं आहे, लाकडी झोपडी आणि खाली चार टेबलांचं हॉटेल. रोझी सत्तरी ओलांडलेली, हिवाळाभर वर एकटी राहते. तिला गॅस, पीठ, बटाटे आणि रक्तदाबाच्या गोळ्या पोहोचवायच्या असत. हे काम तू आंद्रेआसकडून मागून घेतलंस. दर शनिवारी सकाळी तू वर जायचास, आणि तुझी बायको सुमेधा म्हणायची की आमच्या घरात शनिवारचा मारुती वेगळा आहे.

आता वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. तू कानात बोटं घाल, कारण मी चुकणार आणि तुला ते सोसणार नाही. गाडीला पुढे दोन स्की आणि मागे चाकांऐवजी एक फिरता रबरी पट्टा. पट्टा लांब असला की वजन पसरतं आणि गाडी भुसभुशीत बर्फावरूनही तरून जाते. पट्टा आखूड असला की ती झाडांमधून, अरुंद वळणांवरून स्कूटरसारखी वळते, पण ताज्या बर्फात नाक वर करून आपल्याच शेपटीखाली खड्डा खणत बसते. तुझी आखूड पट्ट्याची. त्यामुळे ती डोंगरात केव्हा काढायची आणि केव्हा नाही, यावर तुझं एक अख्खं शास्त्र होतं.

ते शास्त्र दिनदर्शिकेवर लिहिलेलं असायचं. तुझी आई, आमच्या काकू, दर वर्षी सांगलीहून दिनदर्शिका पाठवायच्या, तुझी एकादशी चुकू नये म्हणून. तू ती वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलीस आणि प्रत्येक चौकोनात तिथीच्या खाली पेन्सिलनं लिहायला लागलास: रात्री उणे सहा, ताजा बर्फ दहा सेंटिमीटर, वारा पश्चिमेचा. कोपऱ्यात बरोबरची खूण किंवा फुली. आंद्रेआसला मराठीचं अक्षर कळत नाही, पण खूण आणि फुली कळते. रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन तो तिच्यासमोर उभा राहायचा आणि विचारायचा, "वास साख्ट देर कालेंडर?" कॅलेंडर काय म्हणतंय. लिफ्टवाले लोकही यायचे विचारायला. आपल्या गावात भटजींकडे जातात तसे ते तुझ्याकडे यायचे, आणि तू दक्षिणा घेत नसलास तरी केक घ्यायचास.

पहिला बर्फ पडला की सगळ्यांचे हात शिवशिवतात, तेव्हा गाडी काढायची नाही. खाली दगड आणि गवत असतं. भर हिवाळ्यात ताजा बर्फ पडला की दोन रात्री थांबायचं, तो आपल्याच वजनानं बसतो, मग आपल्या जुन्या मागावरूनच जायचं. गाडीचा खरा हंगाम मार्च-एप्रिलचा. दिवसा ऊन, रात्री गोठण, आणि उजाडल्यापासून दहापर्यंत वर असा कडक पापुद्रा की तुझी आखूड गाडी लांबवाल्यांना मागे टाकायची. दहाच्या आत खाली यायचं, मग वर कितीही छान ऊन पडलेलं असो. अगदीच काचेसारखा बर्फ असला तर बर्फ खरवडून वर उडवणाऱ्या गाडीखालच्या दोन तारा सोडायच्या, कारण तिचं इंजिन तिनंच उडवलेल्या बर्फानं गार राहतं. एवढं मला पाठ आहे. इतकी वर्षं भांडलो की समोरच्याचं शास्त्र आपल्यालाही पाठ होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी जाताना मी एस-बानच्या लोकलमधून फोन करायचो.

"उद्या निघणार?"

"नाही. काल पडलाय."

"अरे, मग लांब पट्ट्याची एक घ्या ना. केव्हाही जाता येईल."

"केव्हाही कशाला जायचं?"

"गरज पडली तर?"

"गरज पडली तर चालत. दोन पाय दिलेत."

"आल्झो, थोडक्यात, तुझ्यासारख्या इंजिनियरांमुळेच देश मागे राहतो."

"कुठला देश?"

मग बोगदा यायचा आणि फोन कटायचा. या भांडणात कुणी जिंकावं असं आपल्याला कधी वाटलंच नाही. माझं म्हणणं होतं की यंत्र माणसाच्या वेळेनं चालायला हवं. तुझं म्हणणं होतं की यंत्र कुठे तुझ्या वेळेनं चालतं, तूच ऑफिसच्या वेळेनं चालतोस. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

आता तो दिवस. आम्ही शहराबाहेर घर घेतलं होतं. पल्लवीचे आईवडील पुण्याहून आले होते, आणि पुण्याचेच गुरुजी व्हिडिओवरून पूजा सांगणार होते. रविवारी दुपारी बारा चाळीसचा मुहूर्त. तो पुण्याच्या सूर्योदयावरून काढलाय की म्युनिकच्या, हे मी विचारलं नव्हतं. सुमेधा आणि तुमची लेक इरा दोन दिवस आधीच आमच्याकडे स्वयंपाकाला आल्या होत्या. घर बायकांनी आणि सासऱ्यांच्या सूचनांनी भरलं होतं, म्हणून मी शनिवारी तुझ्याकडे पळालो. सकाळी तुझ्यामागे बसून वर रोझीकडे गेलो. जानेवारीचा कोरडा दिवस होता, कॅलेंडरवर बरोबरची खूण होती. संध्याकाळी तू म्हणालास, "खालीच जाऊ. रात्री पडेल." मला रोझीच्या हातचा काइझरश्मार्न खायचा होता, तो आंबोळी फाडून साखर भुरभुरल्यासारखा दिसणारा गोड प्रकार. म्हणून आपण राहिलो. तिथूनच चुकायला सुरुवात झाली, आणि तीही माझ्याकडून.

सकाळी तू दारातूनच काठी खुपसलीस. चाळीस सेंटिमीटर.

"चालत जाऊ," तू म्हणालास. "तीन तास गावापर्यंत. मग ट्रेन."

"मुहूर्त बारा चाळीसचा आहे."

"मग चुकेल."

"तुला काय जातंय म्हणायला? सासरे पुण्याहून आलेत माझे. तीस लोकांना बोलावलंय."

"अजित, गाडी आज नको. दोघं बसून तर नकोच."

"अरे काढ रे. सगळा उतारच आहे. मी आहे ना."

मी आहे ना. ज्याला उभ्या आयुष्यात स्कूटीसुद्धा धड स्टँडवर लावता आली नाही, तो हे म्हणाला. रोझी चुलीपाशी होती, तिला शब्द कळत नव्हते. मी तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून मनगटावरचं घड्याळ तुझ्या नाकासमोर धरलं. तू परत नको म्हणालास. मग मी जे बोलू नये ते बोललो. म्हणालो, गॅरेजमध्ये काम करून करून तुला दुसऱ्याच्या वेळेची किंमत राहिलेली नाही. खुंटीवरचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलंस.

पुढचं सगळं तू सांगितलं होतंस तसंच झालं. पहिला उतार छान गेला आणि मी मागून "बघ, बघ" म्हणत होतो. जंगलाच्या आधी जी खोलगट जागा आहे तिथून थोडं चढायचं असतं. तिथे गाडीनं नाक वर केलं, शेपटी बुडाली, तू ओरडलास "डोंगराकडे झुक" आणि मी दरीकडे झुकलो. आपण दोघं बर्फात फेकले गेलो. गाडी कुशीवर लोळत लोळत खाली ओढ्यात गेली. मी कमरेपर्यंत रुतलो होतो. तू आधी माझ्याकडे आलास, हातपाय हलवून दाखवायला लावलेस, आणि मगच ओढ्याकडे बघितलंस. एक स्की वाकली होती, इंजिनात पाणी गेलं होतं. ती बाहेर काढायला दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्यांचं यंत्र आणावं लागलं. आपण चालत खाली आलो, साडेचार तास. त्या साडेचार तासांत तू मला एकदाही "सांगितलं होतं" असं म्हणाला नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर पावलापावलाला म्हणालो असतो.

संध्याकाळी सहाला घरी पोहोचलो तेव्हा गुरुजींनी माझ्या जागी सुपारी ठेवून पूजा उरकली होती. पल्लवी माझ्याकडे बघत नव्हती. हॉलमध्ये तीस माणसं, आणि सासरे सोफ्यावरून म्हणाले, "काय हो अजितराव, सुपारीनं तुमच्यापेक्षा बरी पूजा केली. कुठे राहिलात?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "अहो बाबा, काय सांगू, आमचे नंदोबा. चाळीस सेंटिमीटर बर्फ, मी म्हणतोय चालत जाऊ, आणि हा म्हणतो, बस रे मागे, अर्ध्या तासात खाली, मी आहे ना." आणि मग ओढा, माझे वर आलेले पाय, सगळं हातवारे करून. लोक हसले. सासरेही हसले. पल्लवी पाणी घेऊन आली. तू ओल्या मोज्यांनी दारात उभा होतास. सगळे तुझ्याकडे वळले तेव्हा म्हणालास, "हो, चुकलंच माझं, बाबा. जेवायला काय उरलंय?"

सोमवारी आंद्रेआसनं विचारलं, गाडी काढायचं कुणी ठरवलं. तू म्हणालास, मी. ज्या माणसाच्या फुलीवर सगळा गाव चालतो, त्यानंच फुलीच्या दिवशी गाडी काढली, हे त्याच्या गळी उतरेना. त्यानं किल्ली तुझ्याकडून काढून घेतली, अख्ख्या हिवाळ्यापुरती. त्या हिवाळ्यात गाडी दुरुस्त झाल्यावरही लिफ्टवर काम करणारा एक जण ती चालवायचा, आणि तू शनिवारी रोझीच्या गोळ्या आणि जमेल तेवढं सामान पाठीवर घेऊन स्नोशूवर चालत वर जायचास. हे मला सुमेधानं एप्रिलमध्ये सांगितलं. मी तुला फोनवर म्हणालो, "बरं झालं, पोट कमी होईल." तू म्हणालास, "झालंय." एवढंच आपलं त्या विषयावरचं संभाषण.

गोष्ट मात्र राहिली. दिवाळीला, गणपतीला, कुणाच्याही वाढदिवसाला जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचं, अजित, नंदूची फजिती सांग. मी सांगायचो. दर वर्षी बर्फ वाढत गेला. मागच्या गणपतीला तो छातीपर्यंत आला होता. तू समोर बसून हसायचास, आणि "मी आहे ना" या वाक्याला सगळ्यांच्या आधी. एकदा तुला स्टेशनवर सोडायला आलो असताना मी ठरवून तोंड उघडलं होतं. तू त्याआधीच म्हणालास, "गोष्ट चांगली सांगतोस तू." मला आजवर कळलेलं नाही की तो टोमणा होता की कौतुक. मी "चल, गाडी आली" म्हणालो आणि वेळ गेली.

तू गेलास तेव्हा आंद्रेआसचा फोन आला. वर्कशॉपमध्ये, सकाळच्या चहाच्या सुट्टीत, बाकावर बसल्या बसल्या गेलास. त्याला रडताना मी पहिल्यांदा ऐकलं. तो रडतानाही वाक्यं पूर्ण करत होता. मी त्याला दोनदा विचारलं की तू गाडीवर होतास का. नव्हतास. याचा मला आधार वाटला आणि त्याची लाजही वाटली.

इथे दहनालाही नंबर लागतो, तुझा सातव्या दिवशी लागला. अस्थी घरी देत नाहीत. सांगलीला न्यायच्या तर कागद लागतात आणि ते अजून चाललेत. त्यामुळे सुमेधाच्या हातात करण्यासारखं एकच राहिलं होतं, दहाव्याचा पिंड. काकूंचा रोज व्हिडिओ कॉल. त्यांचं म्हणणं, बाकी काही करा किंवा करू नका, पण कावळा शिवला पाहिजे. आता गावात मार्चमध्ये कावळा कुठून आणायचा? सुमेधानं बाल्कनीत दोन दिवस भात ठेवून बघितला, शेजाऱ्यांचं मांजर येऊन गेलं. तेव्हा इरा म्हणाली, "ओबन बाय रोझी. दी डोहलन." वर रोझीच्या अंगणात पाव खायला येणारे ते काळे, पिवळ्या चोचीचे पक्षी. काकूंनी सांगलीच्या गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, काळा आहे ना, कावळ्याच्या भावकीतला आहे ना, मग चालतो. इरानंच पिंड द्यायचा, हे काकूंनी आपलं आपणच ठरवून टाकलं.

लोक म्हणतात, कावळा शिवत नसेल तर गेलेल्याचं काहीतरी राहिलेलं असतं, ते मोठ्यानं बोलावं लागतं. इराचं शिक्षण पुरं करू, आईला बघू, असं. हे ऐकलं तेव्हाच मी ठरवलं. कावळा येणार नाही, सगळे एकमेकांकडे बघतील, आणि मी पुढे होऊन बोलेन. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण सहा वर्षांत मला दुसरी जागा सापडली नव्हती.

दहावा दिवस शुक्रवारी येत होता. गुरुवारी सकाळी बर्फ सुरू झाला तो शुक्रवारी पहाटेपर्यंत. पन्नास सेंटिमीटर. आम्ही सगळे वर्कशॉपमध्ये जमलो, पिंडाचं सामान डब्यात भरलेलं. इरा वीस वर्षांची आहे, गेल्या हिवाळ्यापासून परवान्यावर तिचंही नाव आहे, आणि ती हेल्मेट घेऊन तयार होती. सुमेधा म्हणाली, "दहावा आजच आहे. नंतर काय अर्थ?" आंद्रेआस भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभा होता. तिथी छापलेली, खाली दहा दिवस कोरे. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "वास साख्ट देर कालेंडर?"

मी म्हणालो, "दोन रात्री."

"तू?" सुमेधा म्हणाली. "तू जन्मभर त्याच्याशी याच्यावरून भांडलास. आज तूच अडवणार?"

"आज नको, सुमेधा. रविवारी सकाळी."

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. काकूंना फोन मी लावला. मी सगळं समजावून सांगितलं: पट्टा आखूड आहे, बर्फ बसायला हवा, तुमचा मुलगा असंच म्हणायचा. त्या म्हणाल्या, "त्याचं शास्त्र होतं ना ते? मग त्याच्या कार्याला त्याचंच चालू दे. कावळा बाराव्यालाही येतो." नंदू, त्या क्षणी मला तुझी फार आठवण आली. म्हणजे मला तू तिथे हवा होतास, माझ्या तोंडून ते ऐकायला.

शनिवारी ऊन पडलं, रात्री कडक गोठलं. रविवारी उजाडताना इरा सुमेधाला मागे बसवून निघाली. मागे जोडलेल्या घसरगाडीत गॅसचा सिलिंडर, बटाटे, रोझीच्या गोळ्या आणि पिंडाचा डबा. मला दुसऱ्या खेपेला नेते म्हणाली होती. मी नको म्हणालो होतो आणि आंद्रेआसबरोबर पहाटे अंधारातच चालायला लागलो होतो. त्या खोलगट जागेपाशी इरा आमच्या बाजूनं वर गेली. गाडीनं नाकसुद्धा उचललं नाही. पट्ट्याचा जेमतेम दोन बोटं खोल माग उरला.

रोझीनं अंगणातलं एक टेबल झाडून ठेवलं होतं. भात, दही, तीळ, शेजारी तुला आवडायचं ते लिंबाचं लोणचं, आणि इरानं आठवणीनं आणलेली एक ब्रेझेल, तो गाठ मारलेला खारा पाव. काकू फोनवर, फोन मी धरलेला. इरानं पिंड ठेवला. माझं वाक्य तयार होतं, चालताना मी ते पन्नास वेळा मनात म्हटलं होतं. पण इरा मागे सरायच्या आत छपरावरून एक डोहले उतरला आणि त्यानं सरळ पिंडात चोच घातली. मग दुसरा. मग सात-आठ. "देर हाट हुंगर," रोझी म्हणाली. भुकेला आहे. फोनमधून काकू रडत म्हणाल्या, "बघ, काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही माझ्या लेकानं." सगळ्यांना बरं वाटलं. मी फोन धरून उभा राहिलो. तुझं काहीच राहिलेलं नव्हतं. राहिलं होतं ते माझं, आणि त्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं.

आत कॉफी झाली. तेव्हा सुमेधा म्हणाली, "अजित, शुक्रवारी मी तुला बोलले, मनात ठेवू नकोस. ती गोष्ट सांग ना. नंदूची. इथूनच निघाला होतात ना तुम्ही?"

तिचा चेहरा बारा दिवसांत पहिल्यांदा जरा सैल झाला होता. मी सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं की स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलो की गोष्ट वळवेन. दारापर्यंत आलो, आणि तोंडातून नेहमीचंच आलं: बस रे मागे, अर्ध्या तासात खाली, मी आहे ना. सुमेधा हसली. डोळे पुसत हसली, टेबलावर हात आपटून हसली. इरा रोझीला ते जर्मनमध्ये सांगत होती. रोझीनं सगळं ऐकून घेतलं. त्या सकाळी तिच्या स्वयंपाकघरात घड्याळ दाखवत कोण ओरडत होता, हे तिनं पाहिलं होतं; ते कळायला मराठी लागत नाही. ती माझ्याकडे बघून फक्त "सो?", म्हणजे असं का, एवढंच म्हणाली आणि माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. साडेनऊ वाजले होते, ऊन चढायच्या आत खाली जायला हवं म्हणून इरा उठली.

सुमेधा हसत होती, नंदू. तेव्हा मी काय करायला हवं होतं ते तू सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. आता हे लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे, मग इराला, मग आंद्रेआसला मी स्वतः जर्मनमध्ये सांगेन. गणपतीला कुणी गोष्ट मागितली तर हीच सांगेन. कुणी हसेल असं वाटत नाही.

त्या सकाळी तू नको म्हणाला होतास. दोनदा म्हणाला होतास. काढ म्हणालो तो मी.